कावड कीं कठडा?

(नभोवाणीवरील भाषण)

श्रावणबाळाची गोष्ट ऐकल्यावांचून आपल्यापैकीं कोणाचें बालपण सरलें असेल असें मला वाटत नाहीं. आंधळ्या आईबापांना कावडींत बसवून, ती कावड खांद्यावर घेऊन तीर्थयात्रेस निघालेला तो मुलगा आपल्या मनांत इतका दृढ बसलेला आहे कीं, वृद्ध आईबापांची सेवा म्हणजे त्यांना उचलून घेणें, असेंच आपण नकळत समजूं लागलों आहों. आज मी जें बोलणार आहें तें या समजुतीविषयीं. श्रावणबाळाचा अनादर करण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं. परंतु ज्या आईबापांचे पाय अजून थोडेबहुत चालतात त्यांना कावडींत बसविल्यानें त्यांचें हित होतें कीं अहित, हा प्रश्न माझ्याच घरीं मला पडला. आणि त्याचें उत्तर मला उशिरां, माझ्या चुकीची किंमत आईनें मोजल्यानंतर, मिळालें.

माझी आई त्या वेळीं ८५ वर्षांची होती. २०२३ सालच्या आषाढांत, एका पावसाळी पहाटे, ती न्हाणीघराच्या दाराशीं पडली. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. मुका मार बसला, कोपर खरचटलें, आणि आठ दिवसांत ती सावरली. आम्ही मात्र सावरलों नाहीं. त्या दिवसापासून घरांत एक नवा कायदा सुरू झाला : हांक मारल्याशिवाय आईनें उठावयाचें नाहीं. तिची खुर्ची खिडकीशीं मांडली. पाण्याचा तांब्या, चष्मा, वर्तमानपत्र, औषधांची डबी, टेलिफोन, सारें हाताशीं ठेवलें. ती जरा हलली कीं मी म्हणें, "आई, तूं बस, मी आणतों." पत्नी म्हणे, "तुम्ही कशाला उठतां?" आणि मुलगी नुसतें "आजी!" एवढेंच म्हणे, पण अशा स्वरांत कीं आई निमूटपणें पुन्हा खालीं बसे. येणारेजाणारे आमची वाखाणणी करीत, आणि खोटें कशाला बोलूं, ती ऐकून आम्हांलाही बरें वाटे.

चार महिन्यांनीं दिवाळी आली. अभ्यंगस्नानासाठीं मी पहाटे आईला उठवावयास गेलों. ती खुर्चीवर येऊन बसलेली होती. पण ज्या खुर्चीवरून आषाढांत ती सहज उठत असे, तिच्यावरून तिला आतां उठतां येईना. दोन्ही हात टेकून तिनें तीनदां प्रयत्न केला. मग माझ्याकडे पाहून ओशाळवाणें हंसली आणि म्हणाली, "पाय विसरले रे."

दिवाळी संपतांच आम्हीं एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंना घरीं बोलाविलें. त्यांनीं आईचे गुडघे पाहिले, पावलें पाहिलीं, आणि मला विचारलें, "दिवसभरांत ह्या काय काय करतात?" मीं कांहींशा अभिमानानेंच सांगितलें, "आम्ही तिला कांहीं करूंच देत नाहीं." त्या म्हणाल्या, "मग पायांनीं तरी काय करावें?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

श्रोतेहो, स्नायूंच्या बाबतींत निसर्गाचा नियम मोठा कठोर आहे. जो स्नायु कामास लागत नाहीं तो शरीर फार दिवस पोशीत नाहीं. आणि तरुणपणीं जी हानि लवकर भरून निघते ती म्हातारपणीं महिनोन्महिने भरून निघत नाहीं. अमेरिकेंत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी वृद्ध स्त्रीपुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगितलें होतें. तेवढ्या दहा दिवसांत त्यांच्या पायांचें मांस सरासरीनें सुमारें एक किलोनें घटलें. हीं माणसें आजारी नव्हतीं, हें लक्षांत घ्यावें. आतां याची दुसरी बाजू पाहा. १९९० सालीं बोस्टन येथील एका प्रयोगांत नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना पायांची ताकद वाढविणारा व्यायाम आठ आठवडे देण्यांत आला. ज्यांनीं तो तडीस नेला त्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें अडीच पटींहून अधिक झाली, आणि दोघांनीं तर हातांतील काठी सोडली. म्हणजे ज्या वयाला उद्देशून आपण "आतां काय सुधारणार" असें म्हणतों, त्या वयांतही पाय शिकतात आणि त्याच वयांत ते विसरतातही. यांपैकीं काय व्हावें हें पुष्कळ अंशीं घरांतल्या माणसांच्या हातीं असतें.

तथापि व्यायामाकडे वळण्यापूर्वीं एका शब्दाविषयीं बोललें पाहिजे. तो शब्द म्हणजे "वयोमान". म्हाताऱ्या माणसाचें चालणें बिघडलें कीं आपण हा शब्द उच्चारतों आणि मोकळे होतों. परंतु वयोमान हा रोग नव्हे. पाय अडखळण्याच्या मुळाशीं गुडघ्याची झीज असेल, मोतीबिंदु असेल, मधुमेहामुळें तळव्यांची संवेदना बोथट झाली असेल, कंपवाताची सुरुवात असेल, शाकाहारी घरांत पुष्कळदां आढळणारी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असेल, किंवा नुसतीं वाढलेलीं नखें आणि सैल सपाता असतील. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनींही तोल जातो. माझ्या आईचा रक्तदाब डॉक्टरांनीं एकदां ती निजलेली असतां आणि एकदां तिला उभें करून मोजला, तेव्हां असें दिसून आलें कीं, उभी राहतांच तो झपाट्यानें उतरतो. त्यांनीं एका गोळीचें प्रमाण कमी केलें, आणि पहाटे उठल्यावर पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसून मगच उभें राहावें असें बजाविलें. चार महिने आम्ही न्हाणीघराच्या फरशीला दोष देत होतों; खरा दोष, निदान अर्धा तरी, औषधांच्या डबींत होता. औषध आपल्या मनानें बंद करावें असें मी सुचवीत नाहीं. सर्व गोळ्यांची यादी एकदां डॉक्टरांपुढें ठेवावी आणि "हिच्यानें तोल जातो काय?" असें विचारावें, एवढेंच.

आणखी एक खूण सांगतों. चालतां चालतां आपण बोललों असतां जी वृद्ध माणसें उत्तर देण्यासाठीं थबकतात, त्यांना पडण्याचा धोका अधिक असतो, असें स्वीडनमधील संशोधकांनीं १९९७ सालीं दाखवून दिलें. आपलें चालणें श्वासासारखें आपोआप घडतें. त्यांना मात्र प्रत्येक पावलाकडे लक्ष पुरवावें लागतें. म्हणून आई किंवा वडील बोलण्यासाठीं थांबले तर आपणही थांबावें, त्यांचें बोलणें पुरें ऐकावें, आणि मग पुढें निघावें.

आतां हात कसा द्यावा तें पाहूं. आपल्या घरांतून वृद्धांना चालविण्याची जी रीति दिसते ती अशी : एकानें पुढें होऊन त्यांचे दोन्ही हात धरावयाचे, आणि आपण उलटें चालत त्यांना ओढीत न्यावयाचें. चालावयास शिकणाऱ्या बालकाला ही रीति शोभते. वृद्धांचा तोल मात्र तिनें पुढें जातो. खरी रीति अशी कीं, ज्या बाजूचा पाय दुबळा त्या बाजूस, अर्धें पाऊल मागें, आपण राहावें. आणि त्यांचा हात आपण धरण्याऐवजीं आपला हात त्यांना धरूं द्यावा. हा भेद दिसावयास क्षुल्लक आहे. पण ज्यानें धरलें आहे त्याला वाटेल तेव्हां सोडतां येतें. ज्याला धरलें आहे त्याला तें स्वातंत्र्य नसतें. काखेंत हात घालून उचलणें तर सर्वथा टाळावें. त्यानें त्यांचा खांदा दुखावतो आणि आपली कंबर.

खुर्चीवरून उठण्याचेंही एक शास्त्र आहे. प्रथम पुढें सरकून खुर्चीच्या कडेशीं यावें, पावलें गुडघ्यांच्या किंचित् मागें घ्यावीं, अंग पुढें झुकवावें, आणि मग खुर्चीचे हात दाबून उभें राहावें. अर्थात् खुर्ची उंच, न खचणाऱ्या बैठकीची आणि हातांची हवी. मऊ कोचांत एकदां रुतलेला म्हातारा माणूस दुसऱ्यानें ओढल्याशिवाय बाहेर निघत नाहीं. आईला बाईंनीं हाच व्यायाम दिला : सकाळीं पांच वेळां आणि संध्याकाळीं पांच वेळां खुर्चीवरून उठावयाचें आणि पुन्हा बसावयाचें. पहिल्या दिवशीं दोनदांच जमलें. पंधरवड्यानें पांचदां जमूं लागलें. संक्रांतीच्या सुमारास ती एका दमांत दहा उठाबशा काढूं लागली आणि म्हणाली, "शाळेंत मास्तरांनीं कधीं काढावयास लावल्या नाहींत, त्या आतां काढतें आहें."

काठीचें प्रकरण मात्र इतकें सोपें गेलें नाहीं. मीं दुकानांतून ॲल्युमिनियमची हलकी काठी आणली. आईनें ती हातांतसुद्धां घेतली नाहीं. "ही हातांत घेतली म्हणजे कपाळावर पाटी लावल्यासारखें," असें म्हणून तिनें तोंड फिरविलें. आठ दिवस ती काठी दाराआड उभी राहिली. मग एके दिवशीं आईनेंच विचारलें, "ह्यांची वेताची काठी आहे कां रे अजून?" माझ्या वडिलांची काठी माळ्यावर होती. ती काढून पुसली. पण ती चार बोटें लांब निघाली. काठीचें माप असें घ्यावयाचें असतें : पायांत नेहमींचें पादत्राण घालून सरळ उभें राहावें, हात सैल सोडावा, आणि मुठीची उंची मनगटाच्या घडीशीं यावी. सुतारानें ती तेवढी कापून दिली आणि खालीं रबरी टोपण बसविलें. हें टोपण झिजलें कीं बदलावयास हवें. गुळगुळीत टोपणाची काठी ही काठी नसण्यापेक्षां वाईट. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूस धरण्याची चूक पुष्कळ जण करतात, आम्हींही केली. काठी धरावी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत, आणि टाकावी दुखऱ्या पायाबरोबर. जिना चढतांना बरा पाय आधीं, उतरतांना दुखरा पाय आधीं. आणि एक हात कठड्यावर. एवढे नियम जिन्याच्या पहिल्या पायरीशीं उभें राहून चार दिवस म्हटले म्हणजे पुरतें.

यानंतर आम्हीं सारें घर आईच्या पायांनीं पाहिलें. जागोजागचीं सैल पायपुसणीं उचललीं. न्हाणीघराची फरशी खरखरीत करून घेतली. न्हाणीच्या आणि शौचकूपाच्या भिंतींत माणसाचा भार सोसतील अशा पोलादी दांड्या बसविल्या. टॉवेल वाळत घालण्याची दांडी हा आधार नव्हे, ती ऐन वेळीं भिंतींतून निसटते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवला. साडीच्या निऱ्या पायांत येत, म्हणून आईनें ती दोन बोटें वर नेसावयास सुरुवात केली. आणि देवघर! आईनें आयुष्यभर जमिनीवर बसून पूजा केली होती. ती पडल्यापासून पूजा पत्नी करीत असे आणि आई दुरून पाहत बसे. आम्हीं देव उंच चौरंगावर मांडले आणि पुढें तिची खुर्ची ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती फुलें खुडण्यासाठीं आपण होऊन सज्ज्यांतील कुंड्यांपर्यंत जाऊं लागली. व्यायामाच्या फेऱ्या तिनें कुरकुरत घातल्या असत्या. देवाच्या फुलांसाठीं ती न सांगतां जाते. माणसाला चालावयाचें असेल तर त्याला कोठें तरी जावयाचें असलें पाहिजे, ही गोष्ट मला तेव्हां उमगली.

आतां मी जें सांगणार आहें तें सांगितल्याशिवाय हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं. पुढील माघांत आई पुन्हा पडली. पलंगाखालीं गेलेली केसांतली पिन काढावयास ती वांकली आणि तोल जाऊन जमिनीवर बसली. आवाज ऐकून मी धांवलों, आणि पहिला विचार मनांत आला तो तिला चटकन उचलण्याचा. परंतु बाईंनीं बजावून ठेवलें होतें कीं पडलेल्या माणसाला घाईनें उठवूं नये. प्रथम विचारावें, कोठें दुखतें? डोक्याला मार लागला काय? एक पाय आंखूड झालेला किंवा बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल, मांडीच्या सांध्याशीं तीव्र वेदना असेल, तर मुळींच हलवूं नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तसें कांहीं नसेल तर त्यांना दम घेऊं द्यावा, कुशीवर वळवावें, मग हातांवर आणि गुडघ्यांवर यावयास सांगावें, समोर एक भक्कम खुर्ची आणून ठेवावी, तिच्यावर हात टेकून एक पाऊल पुढें रोवावें, आणि त्यांनीं आपल्या बळानें उठून बसावें. आपण फक्त मागें राहावें. आईनें तसेंच केलें. तिला पाव तास लागला. खुर्चीवर बसल्यावर तिनें माझा चेहरा पाहिला; जुना कायदा पुन्हा सुरू करण्याचा माझा विचार तिला तेथें स्पष्ट दिसला असावा. ती म्हणाली, "पुन्हा खुर्चींत डांबणार असशील तर आतांच सांग. म्हणजे मी उठतच नाहीं."

मी कांहींच बोललों नाहीं. परंतु त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. मी ज्याला आईची काळजी म्हणत होतों तींत आईच्या हाडांची चिंता किती आणि माझ्या जिवाच्या घोराची किती, याचा हिशोब मी प्रथमच मांडला. ती खुर्चींत बसून असली म्हणजे मला कचेरींत निश्चिंत बसतां येई. त्या माझ्या निश्चिंतीचें मोल तिच्या पायांनीं दिलें होतें. ती पुन्हा पडणारच नाहीं अशी हमी मला कोणी दिलेली नाहीं, आणि मीही तुम्हांला देत नाहीं. मात्र न चालणारें माणूस पडत नाहीं हा समज खोटा आहे. त्याला दिवसांतून चार वेळां तरी उठावेंच लागतें, आणि दुबळ्या पायांनीं उठतांनाच तें पडतें.

त्याच वर्षीं, म्हणजे २०२४ सालीं, लोकसभेची निवडणूक होती. ८५ वर्षांवरील मतदारांना घरबसल्या मत देण्याची सोय त्या वेळीं करण्यांत आली होती. त्यासाठीं १२-ड नांवाचा अर्ज भरून द्यावा लागे. सोय उत्तम, आणि ज्यांना घराबाहेर पडणें अशक्य आहे त्यांना ती मोठीच कृपा. मीं अर्ज आईपुढें ठेवला. तिनें चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाली, "शाळा चार पावलांवर आहे. मी जाऊन देईन." पुण्यांत मतदान १३ मे रोजीं होतें. उन्हाच्या आधीं आम्ही रिक्षानें शाळेच्या फाटकाशीं गेलों. तेथें चाकांची खुर्ची सज्ज होती. मला वाटलें, ही आतां तींत बसावयास नकार देणार. तिनें पटांगणाकडे पाहिलें, त्यांतली खडी पाहिली, आणि मुकाट्यानें खुर्चींत बसली. वर्गाच्या दाराशीं मात्र तिनें हात वर करून खुर्ची थांबविली, वडिलांची काठी मागून घेतली, आणि यंत्रापर्यंतचीं वीसएक पावलें ती आपल्या पायांनीं चालली. मी दारांतच उभा राहिलों. बाहेर आली तेव्हां बोटावरची शाई दाखवून म्हणाली, "चल, आतां बसतें तुझ्या खुर्चींत."

किती चालावयाचें आणि कोठें बसावयाचें, हें त्या दिवशीं आईनें ठरविलें होतें. आमच्या घरांतल्या चार महिन्यांच्या कायद्यांत नेमकी हीच गोष्ट आम्हीं तिच्याकडून काढून घेतली होती. चाकांच्या खुर्चींत बसणें यांत कमीपणा नाहीं. आपल्या इच्छेविरुद्ध बसविलें जाणें यांत आहे.

माझ्या बोलण्यावरून मीच सारें केलें असा कोणाचा समज होऊं नये. मुलाच्या मातृभक्तीचें कौतुक जगभर होतें, परंतु सकाळीं न्हाणीघराच्या दाराशीं कान देऊन उभी असते ती बहुधा सून. आमच्या घरींही तसेंच होतें. पत्नीची कंबर दुखूं लागली तेव्हां कोठें आम्हीं कामाच्या वांटण्या केल्या : पहाटेचें माझ्याकडे, दुपारचें एका मदतनीस मावशींकडे, संध्याकाळच्या फेऱ्या मुलीकडे. ज्या घरांत हें काम एकाच माणसावर पडतें तेथें तें माणूस थकतें, आणि थकलेल्या माणसाला "तुम्ही बसा, मी आणतें" असें म्हणणें सोपें वाटतें. कारण त्यांना चालवीत नेण्यापेक्षां आणून देण्यास वेळ कमी लागतो. म्हणून वृद्धांना चालतें ठेवावयाचें असेल तर घरांतील प्रत्येकानें आपल्या वेळेचा कांहीं वांटा दिला पाहिजे.

श्रोतेहो, असा एक दिवस येऊं शकतो कीं त्या दिवशीं पाय खरोखरीच थांबतील. तेव्हां श्रावणबाळाची कावड आनंदानें खांद्यावर घ्यावी. ती घेण्यांत धन्यताच आहे. पण तो दिवस आपण होऊन अलीकडे ओढूं नये. तोंवर आपण जिन्याचा कठडा व्हावें. कठडा कोणाला ओढीत नाहीं, उचलीत नाहीं, "बस" म्हणत नाहीं. हात जाईल तेथें तो असतो, एवढेंच.

आज रात्रीं तुमच्या घरांतील म्हातारें माणूस पाणी पिण्यासाठीं उठूं लागेल, तेव्हां "बसा, मी आणतों" हे शब्द क्षणभर ओठांवर थांबवा. उठा अवश्य, पण पाणी आणण्यासाठीं नव्हे, त्यांच्याबरोबर चालण्यासाठीं.